टेरियर : नावाचा आणि कामाचा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'कुत्रा हा माणसाचा सर्वांत जुना सोबती आहे' हे वाक्य शाळेच्या निबंधात आपण सर्वांनी कधी ना कधी लिहिलेले आहे. त्यापुढचे वाक्य 'तो फार इमानी प्राणी आहे' हे असते आणि बहुतेकांचा निबंध तिथेच आटोपतो. परंतु माणसाने कुत्रा जवळ केला तो केवळ इमानासाठी नव्हे. मेंढरे वळायला, घर राखायला, शिकार हुडकायला, बर्फातून गाडी ओढायला अशा नाना कामांसाठी त्याने कुत्रे पाळले आणि ज्या कामाला जो उपयोगी पडला त्याची पैदास राखली. आज आपण ज्यांना कुत्र्यांच्या 'जाती' म्हणतो त्यांपैकी पुष्कळशा अशा कामांतूनच घडल्या आहेत.

प्रस्तुत लेखात मी त्यांतल्या एकाच कुळाविषयी लिहिणार आहे. ते कूळ म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडचे टेरियर. कला शाखेच्या विद्यार्थ्याने विलायती कुत्र्यांवर कशासाठी लिहावे, असा प्रश्न काही मित्रांना पडेल. पण ही हकिकत नुसत्या कुत्र्यांची नाही. ती खाणकामगारांची, विणकरांची, धनगरांची आणि एका पाद्र्याची आहे. शिवाय 'शिकारीसाठी आणि कामासाठी कोणता टेरियर घ्यावा?' या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की त्यामागून दुसरा एक मोठा प्रश्न उभा राहतो. एखाद्याची किंमत त्याच्या नावावरून करायची की त्याच्या कामावरून?

टेरियर म्हणजे काय?

लॅटिन भाषेत 'टेरा' म्हणजे जमीन. त्यावरून फ्रेंचमध्ये 'तेर' आणि त्यावरून 'टेरियर' हा शब्द आला. टेरियर म्हणजे जमिनीत शिरणारा कुत्रा. नाव रंगावरून नाही, गावावरून नाही, कामावरून पडलेले आहे. डॉ. जॉन कायस या विद्वान वैद्यांनी (केंब्रिजच्या एका महाविद्यालयाला त्यांचे नाव आजही आहे) १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर १५७६ मध्ये निघाले. त्यात जमिनीखाली शिरून खोकड आणि बॅजर यांना हुसकावणाऱ्या कुत्र्यांचे वर्णन आहे. म्हणजे हे काम निदान साडेचारशे वर्षांपासून चालत आलेले आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजी गोष्टींतल्या 'फॉक्स'ला आपण सरसकट कोल्हा म्हणतो. पण आपल्या रानातला कोल्हा निराळा. इंग्लंडचा तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी हा आपल्याकडच्या खोकडाचा भाऊबंद आहे. म्हणून या लेखात मी खोकड हाच शब्द वापरला आहे. बॅजर आपल्या इकडे नसतो. आखूड पायांचा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, अंगाने दणकट असा तो प्राणी जमिनीत खोल आणि अनेक तोंडांची बिळे खोदून राहतो.

खोकड मेंढ्यांची कोकरे आणि कोंबड्या पळवतो म्हणून शेतकऱ्याला नकोसा. दुसरीकडे, घोड्यावर बसून शिकारी कुत्र्यांच्या कळपामागे दौडत त्याची शिकार करणे हा जमीनदारांचा मोठा षोक. पण पाठलाग होऊ लागला की खोकड बिळात शिरतो आणि मोठे शिकारी कुत्रे बिळाच्या तोंडाशी भुंकत उभे राहतात. येथून पुढचे काम टेरियरचे. त्याने बिळात शिरायचे, अंधारात वास घेत खोकडाला गाठायचे आणि त्याच्या समोर उभे राहून सतत भुंकायचे. मग एक तर खोकड कंटाळून दुसऱ्या तोंडाने बाहेर पळतो, नाही तर वरची माणसे जमिनीला कान लावून आवाजाचा ठाव घेतात आणि तेथे खणतात.

या कामाचा नीट विचार केला म्हणजे टेरियरचा स्वभाव कळतो. बिळात त्याच्याबरोबर कोणी नसते. वळायला जागा नसते. मालकाची हाक तेथवर पोहोचत नाही आणि पोहोचली तरी मालकाला आतले काही दिसत नाही. पुढे जायचे, थांबायचे की माघार घ्यायची हे सारे त्या पाच-सहा किलोच्या प्राण्याने स्वतःच ठरवायचे असते. टेरियर हट्टी असतो, ऐकत नाही, सारखा भुंकतो, अंगण उकरतो अशा तक्रारी ते पाळणारे लोक करतात. पण ज्याला आपण खोडी म्हणतो ती त्याची शेकडो वर्षांची विद्या आहे. सांगितल्यावाचून पाऊल न टाकणारा कुत्रा बिळात काय कामाचा?

कामाने घडवलेले शरीर

टेरियरच्या अंगाचा प्रत्येक भाग या कामाने घडवला आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे छाती. जेथे खोकड शिरतो तेथे टेरियरला शिरता आले पाहिजे. म्हणून जाणते लोक कुत्र्याच्या खांद्यांमागे दोन्ही हातांचे पंजे घालून त्याची छाती कवेत मावते का ते पाहतात. अंगठ्याला अंगठा आणि बोटांना बोटे टेकली तर कुत्रा कामाचा. हा घेर साधारण चौदा इंचांच्या आसपास असावा असे मानतात, कारण खोकडाचा घेरही तेवढाच असतो. नुसता घेर लहान असून भागत नाही. बरगड्या लवचीक लागतात, म्हणजे अरुंद जागी अंग चोरून पुढे सरकता येते. खोल, ताठ आणि रुंद छातीचा कुत्रा दिसायला रुबाबदार असतो, पण बिळात बुचासारखा अडकतो.

पायांच्या लांबीबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. जमिनीत शिरायचे म्हणजे पाय आखूड हवेत असे वाटते. पण पाय दुमडता येतात, छाती दुमडता येत नाही. ज्याला घोड्यांमागे मैलोगणती धावायचे आहे त्याचे पाय लांबच हवेत.

अंगावरची कातडी जाड आणि सैल हवी, म्हणजे दात लागला तरी आत रुतत नाही. केस दुहेरी हवेत. आत मऊ दाट लव, बाहेर खरखरीत राठ केस. त्यामुळे पाऊस आणि चिखल अंगाला लागत नाही. केस रेशमी आणि लांब असले की त्यांत माती अडकते, काटे अडकतात, कुत्रा थंडीने गारठतो. जबडा मजबूत पाहिजे. शेपूट अशी पाहिजे की प्रसंगी बिळातून बाहेर ओढायला हातात धरता यावी. आवाज खणखणीत पाहिजे, कारण चार-सहा फूट मातीखालून वरच्या माणसाला तोच एक निरोप असतो.

राहिला स्वभाव. भित्रा कुत्रा तर नकोच, पण अविचारी लढाऊ कुत्राही नको. जो बिळात शिरून लगेच अंगावर तुटून पडतो तो तोंड फाडून घेऊन परत येतो आणि पुढचे कित्येक आठवडे निकामी होतो. कधी परत येतच नाही. जो सावधपणे अंतर राखून, घाव चुकवून, तासन् तास भुंकत राहतो तो खरा. धीर आणि अक्कल या दोहोंचा हा मेळ दुर्मिळ असतो. ज्यांनी टेरियर पैदा केले ते दोन शतके याच मेळाच्या शोधात होते.

मुलूख तसा टेरियर

आता 'कोणता टेरियर चांगला?' या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, ते पाहू. काम एक असले तरी मुलूख निराळे होते.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हिअट नावाच्या डोंगररांगा आहेत. तेथील मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी बॉर्डर टेरियर घडवला. याचे डोके पाणमांजरासारखे दिसते, कातडी जाड, अंग सडसडीत, वजन साधारण पाच ते सात किलो. घोड्यामागे धावता येईल इतके लांब पाय आणि खोकडामागे शिरता येईल इतके अरुंद अंग, अशी दोन्ही मागण्यांची तडजोड त्याच्या ठायी झालेली आहे. १९२० साली त्याला इंग्लंडच्या केनेल क्लबची मान्यता मिळाली. मुख्यतः हा कामाचाच टेरियर आहे, असे त्याच्या अधिकृत वर्णनात आजही लिहिलेले असते.

पश्चिमेला कंब्रिया परगण्यात, ज्याला आपण इंग्रजी काव्याच्या तासाला 'लेक डिस्ट्रिक्ट' म्हणून ओळखतो, तेथील डोंगर इतके खडे आहेत की घोडा चालत नाही. शिकार पायी करावी लागे. खोकड तेथे मातीच्या बिळात न राहता मोठमोठ्या दगडांच्या राशीत दडतो. दगड खणता येत नाहीत. त्यामुळे तेथील टेरियरला वरून मदत मिळण्याची आशा नसे. निकाल त्यानेच लावायचा. म्हणून लेकलँड आणि पॅटरडेल हे तेथील टेरियर अरुंद अंगाचे आणि स्वभावाने अधिक कडवे. पॅटरडेल हे तेथल्या एका खेड्याचे नाव आहे.

याउलट दक्षिणेत, डेव्हन परगण्यात, रेव्हरंड जॉन रसेल (१७९५–१८८३) या शिकारवेड्या पाद्र्याला असा कडवा कुत्रा मुळीच नको होता. खोकड बिळात मेला तर घोडेस्वारांची दौड तेथेच संपली. त्याला खोकडाला न मारता बाहेर काढणारा टेरियर हवा होता. १८१९ साली, ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी असताना, त्याने एका गवळ्याकडे एक कुत्री पाहिली आणि तेथल्या तेथे विकत घेतली. पांढरी शुभ्र, डोळे-कान आणि शेपटीच्या बुडाशी तांबूस ठिपके. तिचे नाव ट्रम्प. तिच्यापासून त्याने आपला वंश सुरू केला. पांढऱ्या रंगालाही कारण होते. मातीने माखलेला तांबूस टेरियर बिळाबाहेर आला तर मोठे शिकारी कुत्रे त्यालाच खोकड समजून धरण्याची भीती असे. पुढे या पाद्र्याच्याच नावावरून 'जॅक रसेल टेरियर' हे नाव जगभर झाले.

तेव्हा, दगडांच्या मुलखातला उत्तम टेरियर मातीच्या मुलखात निरुपयोगी ठरू शकतो आणि डेव्हनचा गुणी कुत्रा कंब्रियाच्या दगडांत हतबल होऊ शकतो. दोघांतही दोष नाही. कामच निराळे आहे.

गरिबाचा कुत्रा

टेरियरचे दुसरे मोठे काम म्हणजे उंदीर मारणे. हे काम गरिबांच्या घरी आणि कारखान्यांत होते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले विणकर पोट भरण्यासाठी यॉर्कशर आणि लँकशरच्या गिरण्यांत आले. येताना त्यांनी आपले छोटे टेरियर बरोबर आणले. त्यांपासून यॉर्कशर टेरियर झाला. नॉर्थंबरलंडमधील बेडलिंग्टन या खाणींच्या गावाने आपले नाव दुसऱ्या एका टेरियरला दिले. एअर नदीच्या खोऱ्यातल्या कामगारांनी पाणमांजराची शिकार करणाऱ्या मोठ्या कुत्र्याशी टेरियरचा संकर करून एअरडेल तयार केला. तो इतका मोठा झाला की बिळात शिरणे त्याला शक्यच नाही, पण नदीकाठच्या कामात त्याने नाव काढले. पहिल्या महायुद्धात एअरडेल कुत्र्यांनी ब्रिटिश सैन्यात निरोप्याचे कामही केले.

ज्यांच्या घरी धान्याची कणगी आहे त्यांना उंदराचा उपद्रव सांगायला नको. आमच्या घरी ज्वारीच्या कणगीला किती वेळा शेणमातीने लिंपले तरी उंदीर आणि घुशी नवी वाट काढतच. त्यामुळे गिरणीतल्या त्या विणकराला आपल्या चिमुकल्या टेरियरचे मोल किती वाटत असेल, याची मला कल्पना करता येते. तो कुत्रा त्याचा विरंगुळा नव्हता. घरातला एक कमावता जीव होता.

या गुणाचा दुरुपयोगही झाला. लंडनच्या दारूगुत्त्यांत हौदासारख्या जागेत शेकडो उंदीर सोडून, टेरियर ते किती वेळात मारतो यावर पैजा लागत. १८२३ साली बिली नावाच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. १८३५ च्या कायद्याने बैल, अस्वल आणि बॅजर यांना बांधून त्यांच्यावर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद झाले, पण उंदरांचे हौद पुढेही कितीतरी वर्षे चालू राहिले. कणगी राखणाऱ्या कुत्र्याची विद्या तीच, पण पैजेसाठी वापरली की ती किती ओंगळ होते, हे यावरून दिसते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक गमतीची गोष्ट. सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'गाय मॅनरिंग' (१८१५) या कादंबरीत डँडी डिनमाँट नावाचा एक सीमेवरचा शेतकरी आहे. त्याच्याकडे टेरियरांचा मोठा गोतावळा असतो आणि त्या सर्वांची नावे 'पेपर' किंवा 'मस्टर्ड', म्हणजे मिरी किंवा मोहरी. कादंबरी इतकी गाजली की तशा प्रकारच्या खऱ्या टेरियरांना लोक 'डँडी डिनमाँट' म्हणू लागले आणि तेच त्या जातीचे नाव झाले. कादंबरीतल्या पात्रावरून कुत्र्यांच्या एका जातीला नाव मिळावे ही घटना विलक्षणच म्हणावी लागेल.

प्रदर्शनाचे रिंगण

१८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला. क्लबने वंशावळीची नोंदवही ठेवली, प्रत्येक जातीचे आदर्श वर्णन ठरवले. यात चांगला भागही होता. वंश शुद्ध राहिले, नोंदी राहिल्या, फसवणुकीला आळा बसला. स्वतः जॉन रसेल क्लबच्या पहिल्या सभासदांपैकी होता आणि १८७४ साली त्याने प्रदर्शनात फॉक्स टेरियरांचे परीक्षणही केले. परंतु आपले कुत्रे त्याने प्रदर्शनासाठी कधी पैदा केले नाहीत.

याचे कारण उघड आहे. प्रदर्शनाच्या रिंगणात परीक्षकाला डोके दिसते, पाठ दिसते, केस दिसतात, चाल दिसते. धीर दिसत नाही. अंधारात एकट्याने घेतलेला निर्णय दिसत नाही. जे दिसते त्याला बक्षीस मिळते आणि ज्याला बक्षीस मिळते त्याची पिले वाढतात. अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या गेल्या. फॉक्स टेरियरचे डोके लांब आणि छाती खोल होत गेली. नाव 'फॉक्स' टेरियर, पण खोकडाच्या बिळात छाती मावेना. गिरणीतले उंदीर मारणारा यॉर्कशर टेरियर तीन किलोंच्या आतबाहेर, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या रेशमी केसांचा आणि डोक्यावर रिबीन बांधलेला श्रीमंतांच्या मांडीवरचा कुत्रा झाला. वेल्समध्ये कॅप्टन जॉन एडवर्ड्स यांनी केवळ कामासाठी घडवलेला सीलीहॅम टेरियर एके काळी सिनेनटांच्या घरी मिरवला. पण काम गेले आणि पुढे फॅशनही गेली. २००८ साली ब्रिटनमध्ये या जातीच्या फक्त ४३ पिलांची नोंद झाली. कामासाठी घडवलेला जीव फॅशनच्या आधाराने किती दिवस टिकणार?

म्हणूनच जॅक रसेल पाळणारे पुष्कळ लोक आपल्या कुत्र्याला अशी मान्यता मिळू नये म्हणून भांडले. हे वाचून मला प्रथम नवल वाटले. मान्यता नको म्हणणारी माणसे आपण किती पाहतो? त्यांचे म्हणणे असे की नोंद झाली, वर्णन ठरले, की लोक दिसण्यासाठी पैदास करतील आणि काम विसरतील. तरीही १९९० साली लांब पायांच्या प्रकाराला मान्यता मिळाली, त्याला आता पार्सन रसेल टेरियर म्हणतात. आखूड पायांच्या जॅक रसेललाही ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१६ मध्ये मान्यता दिली. पॅटरडेलचे चाहते मात्र अजून त्या वाटेला गेलेले नाहीत.

जर्मनीने निराळा मार्ग काढला. तेथे पहिल्या महायुद्धानंतर काही शिकाऱ्यांनी याग्डटेरियर ही जात मुद्दाम कामासाठी तयार केली. त्या कुत्र्याला कामाच्या परीक्षेत उतरल्याशिवाय पैदाशीची परवानगी मिळत नाही. म्हणजे तेथे रूपाआधी काम तपासले जाते.

मग निवड कशी करावी?

माझे वडील बैलबाजारात जातात तेव्हा मी त्यांच्याबरोबर पुष्कळदा गेलो आहे. बैलाची शिंगे रंगवलेली असोत, गळ्यात घुंगुरमाळ असो, ते आधी तोंड उघडून दात बघतात, मग खूर बघतात, मग चालवून बघतात आणि शेवटी 'जुंपून दाखवा' म्हणतात. टेरियरची निवड करणारे जाणकार नेमके हेच करतात.

पहिला प्रश्न जातीचा नाही, कामाचा आहे. खळ्यावरचे, गोठ्यातले उंदीर मारायचे असतील तर छातीच्या घेराला फारसे महत्त्व नाही, चपळाई हवी. दुसरा प्रश्न मुलखाचा. माती की खडक, थंडी किती, चालायचे किती? तिसरी गोष्ट आईबाप. पिलाच्या वंशावळीच्या कागदावर किती पदके आहेत हे न पाहता, त्याचे आईबाप प्रत्यक्ष काम करतात का ते जाऊन पाहावे. चौथी गोष्ट माप. पिलाचा अंदाज आईबापांची छाती कवेत घेऊनच येतो. पाचवी गोष्ट प्रकृती. टेरियरांच्या अनेक वंशांत डोळ्यातले भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक विकार आढळतो आणि त्याने कुत्रा आंधळा होतो. आता त्यासाठी रक्ताची किंवा लाळेची तपासणी करता येते, ती आईबापांची झालेली असावी. आणि शेवटची गोष्ट घाई न करण्याची. कोवळ्या पिलाला मोठ्या जनावरासमोर घातले तर ते जन्माचे भिते किंवा जन्माचे माथेफिरू होते. अंग भरून येईपर्यंत थांबून, लहान कामापासून सुरुवात करावी लागते.

हे निकष लावले तर बॉर्डर, कामाच्या वंशातले रसेल, पॅटरडेल आणि अनुभवी माणसाच्या हाती याग्डटेरियर ही नावे पुढे येतात. पण त्या नावांतही कामाचा वंश आणि शोभेचा वंश असे भेद आहेतच. नाव ही फक्त सुरुवात आहे.

शिकारीचे दिवस आणि कायदा

हे सर्व लिहिताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. बिळातल्या खोकडालाही जीव आहे आणि त्याच्यामागे पाठवलेल्या टेरियरलाही. दोघेही रक्तबंबाळ होतात. टेरियर मातीखाली गाडले जातात, कधी गुदमरून मरतात. या क्रौर्याविरुद्ध ब्रिटनमध्ये दीर्घकाळ चळवळ झाली. बॅजरला १९९२ च्या कायद्याने पूर्ण संरक्षण मिळाले. स्कॉटलंडने २००२ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकडून वन्य पशूंची शिकार करण्यावर बंदी घातली. इंग्लंडमधील कायद्यात बिळात टेरियर सोडण्याला फार थोडी सवलत उरली आहे. तीही अनेक अटींवर आणि एका वेळी एकाच कुत्र्याला. उंदीर मारण्यास मात्र बंदी नाही.

आणि मला वाटते, टेरियरचे भविष्य तेथेच आहे. उंदरांसाठी विष घातले की ते उंदीर खाणारी घुबडेही मरतात. टेरियर एका झडपेत उंदीर मारतो, विष मागे राहत नाही. तेथील शेतांवर आजही माणसे चार-सहा टेरियर घेऊन हे काम करतात. दुसरा एक मार्ग अमेरिकेत १९७१ पासून रूढ झाला. लाकडी बोगदा जमिनीत पुरतात, त्याच्या टोकाला मजबूत पिंजऱ्यात उंदीर सुरक्षित ठेवतात. टेरियरने अंधाऱ्या बोगद्यातून त्याला गाठून ठरावीक वेळ भुंकत राहायचे. कोणाचा जीव जात नाही आणि कुत्र्याचा धीर मात्र पारखला जातो.

आपल्याकडे काय?

आपल्या मुलखाला टेरियरची गरज पडली नाही, कारण आपला मुलूखच निराळा. सोलापूर, लातूर या बाजूंच्या आणि उत्तर कर्नाटकाच्या उघड्या माळांवर कारवानी कुत्रा घडला. लांब पाय, चिंचोळे तोंड, आत गेलेले पोट. तो जमिनीत शिरत नाही, नजरेने हेरून वाऱ्यासारखा धावतो. बिळाने टेरियर घडवला, माळाने कारवानी घडवला. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्याला आश्रय दिला म्हणून त्याला मुधोळ हाउंड असेही म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे चित्र तिकिटावर छापले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे कुत्रा घेऊन ससे-खोकड मारणे हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. मग कारवानीचेही टेरियरसारखेच होणार का? शहरातल्या हौशी माणसाच्या गॅलरीत साखळीला बांधून ठेवलेला, फक्त चित्रासारखा दिसणारा? काही कारवानी आजही मळे आणि मेंढरे राखतात, सैन्यानेही या जातीची चाचणी घेतली आहे. शिकार गेली तरी त्याच्या धावण्याला आणि नजरेला साजेसे दुसरे काम शोधता येते. ते शोधले तरच तो कुत्रा राहील, नाही तर नाव राहील.

आम्हा पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलांच्या घरी पदवीच्या कागदाला फार मोल असते आणि ते योग्यच आहे. जॉन रसेलच्या त्या ट्रम्पकडे मात्र कोणताही कागद नव्हता. एका गवळ्याच्या दारातली ती साधी कुत्री होती, पण तिच्याकडे पाहणाऱ्याला काम ठाऊक होते. कागद हाती येईल तेव्हा येवो. त्याच्यामागचे काम आपल्याला येते की नाही, हे मात्र आपले आपणच अधूनमधून तपासून पाहिले पाहिजे.